स्टेडियम भरलेलं दिसतं, मग जेट्स जाणार असं लोक का म्हणतात?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत लिहिते, म्हणजे मी कशाचं उत्तर देतेय ते वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्हाला कॅनडातल्या विनिपेगला येऊन वर्ष झालंय, एका शनिवारी मित्रांनी इथल्या जेट्सची, म्हणजे एनएचएल लीगमधल्या आइस हॉकी टीमची, टोरोंटोविरुद्धची मॅच दाखवायला नेलं, स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि सोमवारी ऑफिसात डबा खाताना कोणीतरी म्हणालं की ही टीम काही फार दिवस इथे राहत नाही, तिकिटंच खपत नाहीत. तुम्ही गोंधळलात आणि विचारताय की एक सरळ आकडा सांगा, किती माणसं आली की अशी टीम परवडते? (शिवाय आई-बाबा मार्चमध्ये येतायत, त्यांना मॅच दाखवू का असंही विचारलंय, त्याचं शेवटी सांगते.)

आता मी कोण ते. पुण्यात सहा वर्षं नाटकांच्या बुकिंगला होते, खिडकीत बसून प्लॅनवर पेन्सिलने खुणा करायच्या, ते काम. लग्नानंतर कॅनडात आले आणि गेली १५ वर्षं प्रेअरीजमधल्या (इकडचा सपाट, गवताळ मुलूख) एका छोट्या गावाच्या मायनर लीग, म्हणजे खालच्या पातळीच्या हॉकी टीमच्या तिकीट ऑफिसात आहे, काम मुख्यतः सीझन तिकिटांचं (घरच्या सगळ्या मॅचचं एकत्र तिकीट) रिन्युअल, म्हणजे वसंत ऋतूत चार महिने फोनवर लोकांना 'पुढच्या वर्षी पण येताय ना?' विचारणं. जेट्समध्ये मी कधी नव्हते, त्यांची हिशेबाची वही मी पाहिलेली नाही. त्यामुळे जिथे मी आकडा मनाने धरलाय तिथे तसं सांगेन.

एक आकडा नाहीये हो, आणि मी टाळतेय असं समजू नका. 'किती लोक आले' हा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. तिकीट ऑफिसात आम्ही दोनच गोष्टी विचारतो, पैसे कधी आले आणि कोणाच्या खिशातून आले. नाटकाचं उदाहरण घ्या. दोन नाटकं आहेत, दोन्हीला रविवारी हाऊसफुल्लचा बोर्ड लागतो. एकाच्या निर्मात्याने सीझन सुरू व्हायच्या आधीच कुठल्या बँकेला, कुठल्या मंडळाला चाळीस प्रयोग ठेक्याने विकलेत. दुसऱ्याचा सगळा भरवसा खिडकीवर, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी पाऊस पडला की त्याच्या पोटात गोळा. प्रेक्षागृहात बसून तुम्हाला दोन्ही सारखीच दिसतील. निर्मात्याच्या घरी मात्र फार फरक असतो.

त्यात तुम्ही गेलात टोरोंटोच्या मॅचला. टोरोंटोचे मेपल लीफ्स म्हणजे अर्ध्या कॅनडाची माहेरची टीम, त्यांच्या निळ्या जर्सीवाले सगळीकडून येतात, शनिवार होता, त्या रात्री स्टेडियम भरणारच. टीमची खरी परीक्षा असते नोव्हेंबरमधला मंगळवार, बाहेर उणे वीस, समोर कोलंबससारखी गर्दी न खेचणारी टीम. त्या रात्रीचं तिकीट कोणी आणि कधी घेतलं, तो सगळा धंदा.

आणि अजून एक, पेपरात जो 'आजची उपस्थिती' म्हणून आकडा येतो ना, तो दारात स्कॅन झालेल्या माणसांचा नसतो, तो विकलेल्या आणि वाटलेल्या तिकिटांचा असतो. घरी सोफ्यावर बसलेला सीझन तिकीटवाला पण त्यात मोजला जातो. त्यामुळे खुर्च्या रिकाम्या आणि आकडा मोठा असंही होतं, आणि त्यात फसवणूक वगैरे काही नाही, तिकीट विकलंय म्हणजे पैसे आलेत, फक्त त्या माणसाने बियर आणि हॉट डॉग घेतला नाही एवढंच नुकसान. (एवढंच म्हणाले खरं, पण आमच्यासारख्या छोट्या टीमला तेही बऱ्यापैकी लागतं.)

आता विनिपेगकडे येते. २०११ च्या मे महिन्याच्या शेवटच्या दिवशी जाहीर झालं की अटलांटा थ्रॅशर्स ही अमेरिकेतली टीम विनिपेगला येणार, तेच आजचे जेट्स. ट्रू नॉर्थ कंपनीने, म्हणजे मार्क चिपमन आणि त्यांचे भागीदार डेव्हिड थॉमसन यांनी, १७ कोटी अमेरिकन डॉलरला टीम घेतली, त्यातले ६ कोटी तर लीगला नुसते स्थलांतराचे. लीगला दाखवायला १३,००० सीझन तिकिटं विकून दाखवायची होती. तीन ते पाच वर्षांची बांधिलकी घेऊन ती काही दिवसांत खपली, सर्वसामान्य लोकांसाठी विक्री उघडल्यावर तर काही मिनिटांत संपली आणि वर ८,००० लोकांची वेटिंग लिस्ट. मी तेव्हा या धंद्यात नवी होते आणि आमच्या ऑफिसात लोक नुसते तोंडात बोटं घालून बघत होते.

तिथून २०२३-२४ च्या सीझनपर्यंत हा १३,००० चा आकडा साधारण ९,५०० वर आला. त्या सीझनच्या सुरुवातीला काही मॅचना अकरा हजारांच्या आसपास लोक, आणि हे पंधरा हजारांच्या थोड्या वरच्या स्टेडियममध्ये, जे मुळातच लीगमधल्या सगळ्यात लहान स्टेडियमांपैकी आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये चिपमननी स्वतःच मुलाखतीत सांगितलं की १३,००० वर परत जावंच लागेल, आत्ता जिथे आहोत ते लांबच्या पल्ल्यात चालणार नाही. मग लीगचे कमिशनर गॅरी बेटमन येऊन लोकांना धीर देऊन गेले. तुमच्या ऑफिसातली ती चर्चा बहुतेक तिथून सुरू झालीय आणि अजून संपलेली नाही.

लक्षात घ्या, चिपमन 'लोक येत नाहीत' असं म्हणाले नव्हते, ते सीझन तिकिटांबद्दल बोलत होते. ९,५०० म्हणजे दर मॅचला साडेपाच हजारांच्या वर खुर्च्या एकेक करून विकायच्या, तेही ४१ वेळा. टीम जिंकत असेल तर हे जमतं. २०२४-२५ ला जेट्सनी ५६ मॅच जिंकल्या, ११६ गुण मिळवून अख्ख्या लीगमध्ये पहिले आले, तेव्हा स्टेडियम परत भरायला लागलं. पण जिंकण्यावर घर चालवणं म्हणजे पावसावर शेती. एक वर्ष गोलकीपरचा गुडघा गेला की संपलं.

मग ही साडेतीन हजार तिकिटं गेली कुठे? कोविडमध्ये रिकाम्या स्टेडियममध्ये मॅच झाल्या आणि लोकांना न जायची सवय लागली, महागाई वाढली, डाउनटाउनमधली ऑफिसं घरून चालायला लागली, हे सगळं तुम्ही ऐकलं असेलच, आणि ते खरंच आहे. पण फोनवर बसून मला जे दिसतं ते थोडं वेगळं आहे आणि ते कुठल्या बातमीत येत नाही.

सीझन तिकीट बहुतेक वेळा एका माणसाचं नसतंच. कागदावर नाव एकाचं, पण ४१ मॅच कोण बघणार, म्हणून दोन खुर्च्या चार घरांत वाटलेल्या असतात. एक मेहुणा, एक ऑफिसातला, एक शेजारी. सप्टेंबरमध्ये कोणाच्या तरी घरी बसून आळीपाळीने मॅच निवडतात, पहिली निवड कोणाची यावरून थोडी भांडणं होतात, मजा असते. आता यातला एक सुटला, बदली झाली, घटस्फोट झाला, मुलीला रिंगेट (मुलींचा बर्फावरचा खेळ) लागलं आणि शनिवार गेले, की उरलेल्या तिघांवर त्याचा चौथा हिस्सा येतो. ते चौथा शोधतात, नाही मिळाला तर एक वर्ष ओढतात, आणि मग माझा फोन जातो तेव्हा म्हणतात, 'या वर्षी जरा थांबतो'. त्या घरांना फक्त सुटलेल्याचा हिस्सा जड झालेला असतो, आणि माझ्या वहीतून दोन अख्ख्या खुर्च्या जातात. मी तर म्हणेन रिन्युअल न होण्याची निम्मी कारणं अशी घरगुती असतात, हॉकीशी त्यांचा संबंधच नसतो. म्हणूनच बाहेर वेटिंग लिस्ट असली तर काळजी नसते, चौथा आपोआप मिळतो. एकदा यादी संपली की एकाच वेळी सगळीकडे चौथा मिळेनासा होतो आणि गळती अचानक दिसायला लागते, खरं तर ती आधीपासून चालू असते.

दुसरं कारण रीसेल. पूर्वी सीझन तिकीट घेतलं नाही तर मॅच बघायलाच मिळणार नाही अशी भीती होती. आता फोनवर मंगळवारचं तिकीट छापील किमतीच्या खाली मिळतं, तेही मॅचच्या दोन तास आधी. मग जो माणूस एप्रिलमध्ये हजारो डॉलर भरून बसलाय त्याला आपण मूर्ख ठरलो असं वाटतं. त्याची किंमत परवडत नाही म्हणून तो जात नाही, शेजारच्या खुर्चीतल्याने निम्म्यात घेतलं म्हणून जातो. हे मी शेकडो फोनवर ऐकलंय.

तिसरं जरा आमच्याच धंद्याचं पाप. ज्या टीमला वेटिंग लिस्ट असते ती विकायचं विसरते. दहा वर्षं नुसते फोन उचलायचे आणि 'सॉरी, शिल्लक नाही' म्हणायचं, ही काही विक्री नव्हे. मग एकदम विकायची वेळ येते तेव्हा ती भाषा जमत नाही. २०२३ च्या वसंतात जेट्सनी 'फॉरएव्हर विनिपेग' नावाची मोहीम काढली, त्यात १९९६ ला याच नावाची जुनी टीम गाव सोडून गेली त्याची आठवण होती, आणि बऱ्याच लोकांना ते इमोशनल ब्लॅकमेल वाटलं. मला त्यांची अडचण कळते. पण ज्याने बारा वर्षं इमानाने पैसे भरले त्याला 'नाहीतर आम्ही जाऊ' असं ऐकू आलं की तो चिडणारच, भले तुम्ही ते शब्द वापरले नसतील.

तुम्ही विचारलंय की रिकाम्या खुर्च्या फुकट का वाटत नाहीत, निदान वातावरण तरी होईल. आम्ही केलंय हे. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका सीझनला आमच्या मॅनेजरने शाळांमधून पास वाटायचा सपाटा लावला, मीही गठ्ठे घेऊन फिरले. स्टेडियम भरलं, फोटो छान आले, पॉपकॉर्न खपलं. पुढच्या वर्षी ज्यांना मी तिकीट विकायला फोन केले त्यातले कितीतरी जण म्हणाले, 'पास येतील ना शाळेतून, तेव्हा येऊ'. आणि ज्यांनी पैसे भरले होते त्यांनी आजूबाजूला फुकटवाले बघितले, ते वेगळेच. ती किंमत परत वर आणायला आम्हाला तीन वर्षं लागली. नाटकात तर आपल्याकडे म्हणतातच, पासावर आलेला माणूस मध्यंतरात उठून जातो.

आता हिशेब. तो तुम्हाला हवाच होता.

समजा दर मॅचला १४,००० पैसे भरलेली तिकिटं आणि एका तिकिटामागे सरासरी १०० कॅनेडियन डॉलर. हे १०० मी सोयीसाठी धरलेत, खरी सरासरी त्यांनाच माहीत. ४१ घरच्या मॅच. झाले ५ कोटी ७४ लाख कॅनेडियन डॉलर. ऐकायला भरपूर वाटतात. आता खर्चाची फक्त एक ओळ बघा, खेळाडूंचे पगार. लीगमध्ये २००५ पासून सॅलरी कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावर मर्यादा आहे, २०२५-२६ साठी वरची मर्यादा ९ कोटी ५५ लाख डॉलर. कुठले डॉलर? अमेरिकन. सगळ्या कॅनेडियन टीम्सची खरी डोकेदुखी ही आहे की तिकीट विकायचं लूनीत (म्हणजे कॅनेडियन डॉलरात) आणि पगार द्यायचा अमेरिकन डॉलरात. लूनी ७२ सेंट धरा, ९ कोटी ५५ लाखांचे होतात सव्वातेरा कोटी कॅनेडियन. म्हणजे कॅपपर्यंत खर्च केला तर जवळपास भरलेलं स्टेडियमसुद्धा पगाराच्या निम्म्यापर्यंत पोचत नाही. वर विमानं, हॉटेलं, स्टाफ, बर्फ, वीज, सगळं बाकीच.

तेच २०११ ला बघा. कॅप होती ६ कोटी ४३ लाख, आणि लूनी तेव्हा अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला किंवा किंचित वर. म्हणजे पगार साडेसहा कोटींच्या आत. १४ वर्षांत तो खर्च दुपटीच्या वर गेला आणि खुर्च्या तेवढ्याच पंधरा हजार. २०२६-२७ ची कॅप तर १० कोटी ४० लाख आणि २०२७-२८ ची ११ कोटी ३५ लाख ठरलेलीच आहे.

आणि हेही करून बघा, दर मॅचला २,५०० खुर्च्या रिकाम्या राहिल्या तर वरच्याच भावाने वर्षाला साधारण १ कोटी अडीच लाख कॅनेडियन डॉलर गेले. कॉनर हेलेबक हा त्यांचा गोलकीपर, २०२५ चा लीगचा सर्वोत्तम खेळाडू, त्याचा करार वर्षाला ८५ लाख अमेरिकन डॉलरचा, म्हणजे त्या अडीच हजार खुर्च्या भरल्या तरी तो एकटा परवडत नाही. उलट लूनी बरोबरीवरून ७२ सेंटवर आला याचा फटका ३ कोटी ७० लाखांच्या घरात. रिकाम्या खुर्च्यांच्या साडेतीनपट! पण डॉलरवर कोणाला फोन करता येत नाही, म्हणून आम्ही तुम्हाला करतो.

मग टीम चालते कशी? टीव्हीमुळे. कॅनडातला रॉजर्स कंपनीचा टीव्हीचा करार २०१४ पासून १२ वर्षांचा ५२० कोटी कॅनेडियन डॉलरचा होता, नवा करार २०२६-२७ पासून १२ वर्षांचा १,१०० कोटींचा, आणि तो पैसा लीगच्या ३२ टीम्समध्ये वाटला जातो, अमेरिकेतल्या टीव्हीचा वेगळा. त्यात विनिपेगचा वाटा न्यूयॉर्कएवढाच. शिवाय श्रीमंत टीम्सकडून गरीब टीम्सकडे थोडे पैसे वळवायची सोय लीगमध्ये आहे. आणि प्लेऑफ, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्या. हे बाहेरच्यांना माहीत नसतं, खेळाडूंचा वर्षाचा पगार नेहमीच्या सीझनमध्येच देऊन संपतो, प्लेऑफमध्ये त्यांना बक्षिसाच्या रकमेतून मिळतं. म्हणजे एप्रिल-मे मधली प्रत्येक घरची मॅच, पगाराचं ओझं नाही आणि तिकीट दुप्पट. मे २०२५ मध्ये सेंट लुईसविरुद्ध सातव्या मॅचला १.६ सेकंद उरले असताना पर्फेटीने बरोबरी केली आणि दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये लाउरीने जिंकून दिली, तेव्हा अख्खं गाव पांढरे कपडे घालून नाचत होतं, आणि मी घरी टीव्हीसमोर बसून मनात पुढच्या फेरीच्या घरच्या मॅच मोजत होते. सवय वाईट.

आता 'छोटं मार्केट' या शब्दाबद्दल. विनिपेग आणि आजूबाजूचा परिसर धरून २०२१ च्या जनगणनेत ८ लाख ३५ हजारांच्या आसपास लोक. आपल्याकडच्या हिशेबाने लहान शहर. पण लोक कमी हा मुख्य प्रश्न नाहीये, मोठ्या कंपन्या कमी हा आहे. टोरोंटोत खालच्या महागड्या खुर्च्या वकिलांच्या फर्मा, बँका, दलाल घेतात, ग्राहकांना न्यायला. त्यांना टीम हरली काय आणि जिंकली काय, खर्चात दाखवायचं असतं. कंपनीला घटस्फोट होत नाही, तिच्या मुलीला रिंगेट लागत नाही. विनिपेगमध्ये कॅनडा लाइफ ही विमा कंपनी आहे, ज्यांचं नाव स्टेडियमवर आहे, रिचर्डसन हे उद्योजक घराणं आहे, अजून थोडे, पण यादी लवकर संपते. सीझन तिकिटं बहुतेक शिक्षक, नर्स, प्लंबर, शेतकरी यांची, स्वतःच्या खिशातून. मला विचाराल तर हे प्रेम टोरोंटोपेक्षा खरं आहे. पण प्रेमावर महागाई लगेच लागू होते.

उलट बाजूही बघा, म्हणजे माझं म्हणणं पटेल. १९९६ ला जुने जेट्स गेले कुठे, फीनिक्सला. केवढं मोठं शहर, लाखोंनी वाढणारं. तिथे त्या टीमचं काय झालं? २००३ ला शहराबाहेर ग्लेनडेलला स्टेडियम, मालकीचं नाही. २००९ ला दिवाळखोरी, लीगनेच टीम विकत घेऊन चालवली. मग ग्लेनडेलशी भांडण, मग विद्यापीठाच्या पाच हजारांच्या आतल्या स्टेडियममध्ये खेळणं, २०२३ च्या मे मध्ये टेंपी गावाने मतदान करून नवं स्टेडियम नाकारलं, आणि २०२४ ला खेळाडू उचलून सॉल्ट लेक सिटीला. मार्केट प्रचंड होतं, स्वतःचं छप्पर नव्हतं. विनिपेगचं बरोबर उलटं आहे, मार्केट लहान पण स्टेडियम ट्रू नॉर्थचं स्वतःचं, त्यात कॉन्सर्टचं भाडं त्यांचं, मूस ही मायनर लीगची टीम त्यांचीच आणि त्याच बर्फावर खेळते, समोरच्या इमारतींच्या प्रकल्पात तेच.

म्हणून लोक १९९६ ची भीती दाखवतात तेव्हा मी म्हणते जरा थांबा. तेव्हाही लूनी ७३ सेंटच्या आसपासच होता, आत्तासारखाच. पण तेव्हा कॅप नव्हती, न्यूयॉर्कवाले वाटेल तो पगार देऊ शकत होते, जुन्या स्टेडियममध्ये कमाईला जागाच नव्हती आणि तोटा भरून काढायला तयार असा मालक उरला नव्हता. १९९५ ला लोकांनी टीम वाचवायला वर्गणी काढली, पोरांनी गल्ले फोडून पैसे दिले. आदल्या वर्षी हे सगळं होऊनही २८ एप्रिल १९९६ ला डेट्रॉइटविरुद्ध शेवटची मॅच झाली. लोक कमी पडले नव्हते, बाकी सगळं कमी पडलं होतं. आज बाकीचं बरंचसं जागेवर आहे. थॉमसन कुटुंब कॅनडातलं सगळ्यात श्रीमंत कुटुंब समजलं जातं, उद्या सकाळी वीजबिल भरायला पैसे नाहीत अशी वेळ येणार नाही.

तर माझं मत विचाराल तर पुढच्या काही वर्षांत टीम जाईल असं मला वाटत नाही. मला भीती आहे ती दुसरीच. कॅप वर चढत राहणार, सीझन तिकिटं दहा-अकरा हजारांवर अडकली, लूनी तिथेच राहिला, तर टीम राहते पण हळूहळू पगाराच्या खालच्या मर्यादेकडे (लीगने ठरवलेला कमीत कमी खर्च) सरकते, चांगला खेळाडू करार संपताना निघून जातो, नवे खेळाडू हेरणारे स्काउट दोन कमी होतात, प्लेऑफ हुकतात, आणि मग खरंच मंगळवारी कोणी येत नाही. आणि दुसरीकडे, १७ कोटींना घेतलेली टीम, सॉल्ट लेकवाल्यांनी २०२४ ला १२० कोटी मोजलेत. अटलांटात परत टीम हवी म्हणून लोक तयारीत आहेत, ज्या अटलांटातून दोनदा टीम गेली आणि दोन्ही वेळा कॅनडात आली! आजच्या मालकांना विकायचं नाहीये. पुढच्या पिढीचं मी कशी सांगू.

यातलं काय कशावर अवलंबून आहे तेही सांगते. लूनी ८० सेंटच्या वर गेला तर मी वर लिहिलेलं निम्मं चुकीचं ठरेल. टीम चार वर्षं सलग प्लेऑफला गेली तरी बरंच चुकेल. आणि एक गोष्ट कोणीच नीट मोजत नाही, तुमच्यासारखे नवे लोक. विनिपेग वाढतंय ते बाहेरून आलेल्यांमुळे, फिलिपिनो आहेत, पंजाबी आहेत, आता आपलेही बरेच. टीव्हीवर हॉकी २००८ पासून पंजाबीत लागते, तिचा प्रेक्षक आहे. पण टीव्हीवर बघणारा ते रिंकला येणारा यात मोठं अंतर आहे, आणि सीझन तिकीट घेणारा तर अजून लांब, कारण वडिलांनी कधी हाताला धरून नेलेलं नसतं. माझ्या यादीत आडनाव बघून मला कळतं, नवा माणूस एकट्याने कधीच येत नाही, तो सहकाऱ्याच्या फुटक्या चौकडीत चौथा म्हणून येतो. ऑफिसात ज्याने तुम्हाला टीम जाणार म्हणून सांगितलं ना, त्याला विचारा त्याच्याकडे सीझन तिकिटाचा हिस्सा आहे का आणि त्याला चौथा हवाय का. दहा मॅच होतील, रीसेलवर फुटकळ घेण्यापेक्षा फार महाग पडत नाही, आणि चांगल्या मॅचमध्ये निवडीला बसायला मिळतं. नको असेल तर नका घेऊ, गावाची टीम वाचवायची जबाबदारी वर्षभरापूर्वी आलेल्या माणसावर मी टाकणार नाही.

तुम्हाला स्वतःला अंदाज घ्यायचा असेल तर एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी जा, पहिल्या मध्यंतरात वर उभे राहून खालच्या बैठकीच्या मधल्या ओळी बघा, त्या सगळ्यात महाग. आणि काचेआडच्या बॉक्समधले दिवे मोजा, किती बंद आहेत. वरची गॅलरी बघू नका, तिच्यावरून काही कळत नाही.

आई-बाबांना जरूर न्या. टोरोंटो किंवा माँट्रियालविरुद्धची मॅच सोडून कुठलीही घ्या, स्वस्तात मिळेल. वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली जागा घ्या, खाली काचेजवळ बसलात तर पक (चेंडूऐवजी असलेली रबराची चकती) कुठे जातोय ते पहिल्यांदा बघणाऱ्याला कळत नाही, वरून सगळं कळतं. मार्चमध्ये पण थंडी असतेच, पण डाउनटाउनमध्ये स्कायवॉकने आतून आतून स्टेडियमपर्यंत जाता येतं, म्हणून गाडी थोडी लांब लावली तरी चालेल. राष्ट्रगीताच्या मधे एका ओळीला सगळं स्टेडियम 'ट्रू नॉर्थ' म्हणून ओरडतं, आईंना आधी सांगून ठेवा, माझी सासू पहिल्यांदा दचकून चहा सांडून बसली होती.